मालिकेतलं कोर्ट आणि खरं कोर्ट: आईची साक्ष आहे, कितपत खरं मानायचं?

पाऊलवाट:

नमस्कार. थोडं लांबलंय, पण वाचा.

आईला पुढच्या महिन्यात सेशन्स कोर्टात साक्षीला जायचंय. चार वर्षांपूर्वी आमच्याकडच्या आठवडी बाजारात भांडण झालं, एकावर चाकूने वार झाला. आई तेव्हा तिथेच मेथीच्या जुड्या निवडत होती. पोलिसांनी त्याच संध्याकाळी तिचा जबाब घेतला. मग चार वर्षं काहीच नाही, आणि आता एकदम समन्स. कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न.

आई एकोणसाठ वर्षांची, अंगणवाडीतून निवृत्त झालेली. चारचौघांत बोलायला घाबरणारी नाही. पण रोज रात्री ती कोर्टाची एक मालिका बघते आणि त्यातलं सगळं तिने खरं धरलंय. गीतेवर हात ठेवून शपथ घ्यायची आणि मग एखादा तपशील चुकला तर पाप लागेल. आरोपीचा वकील तोंडाशी येऊन ओरडेल. मध्येच कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन धावत येईल आणि भर कोर्टात ही खोटी ठरेल. परवा रात्री दोन वाजता उठून बसली होती. म्हणाली, "त्याच्या शर्टाचा रंग मला आठवत नाही गं. मी पोलिसांना काय सांगितलं होतं?"

मी स्वतः कोर्टाची पायरी चढलेली नाही, त्यामुळे तिला काय सांगू कळेना. इथे कुणी वकील आहेत, कोर्टात नोकरी केलेले आहेत, साक्ष दिलेले आहेत का? यातलं खरं काय असतं?

---

काळा_कोट:

सतरा वर्षं फौजदारी वकिली करतोय, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. तुमच्या आईंची उलटतपासणी माझ्यासारखाच कुणीतरी घेणार, म्हणून आधी तेच सांगतो.

ओरडून आम्हाला काहीच मिळत नाही. साक्षीदार बिथरतो, न्यायाधीश आमच्यावर नाराज होतात आणि अपमानकारक प्रश्न तर कायद्यानेच थांबवता येतात. मला साक्षीदाराकडून हवे असतात छोटे छोटे 'हो'. बाजार सोमवारी भरतो ना? हो. गर्दी असते? हो. पालं लागलेली असतात? हो. तुम्ही खाली वाकून भाजी निवडत होतात? हो. भांडणाची जागा आणि तुम्ही यांच्यामध्ये किती पालं होती? एवढं झालं की मी खाली बसतो. तुमच्या आईंना वाटेल, बरं झालं, काही विचारलंच नाही. त्यांना नीट दिसणं शक्य नव्हतं, हे मला शेवटी युक्तिवादात मांडायचं असतं. ते मी साक्षीदाराच्या तोंडावर ओरडून दाखवत नाही. आईंना सांगा, जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. दिसलं असेल तर दिसलं म्हणा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. तेही उत्तरच आहे, त्याचीही नोंद होते. शर्टाच्या रंगावरून कुणी खोटं ठरत नाही. आठवत नसताना ठोकून दिलेल्या रंगावरून मात्र ठरू शकतं.

आता पेनड्राइव्ह. सरकार पक्षाचे कागद दोषारोपपत्राबरोबर येतात आणि त्यांच्या नकला आरोपीला आधीच द्याव्या लागतात. ऐनवेळी नवा साक्षीदार किंवा नवा पुरावा आणायचा तर अर्ज करायचा, त्यावर समोरच्याचं म्हणणं येणार, मग आदेश होणार. यातच दोन तारखा जातात. धावत येऊन टेबलावर काही आपटता येत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. न्यायाधीशांकडे हातोडा नसतो, मी आजवर एकाही कोर्टात पाहिलेला नाही. 'माय लॉर्ड' जिल्हा कोर्टात कुणी म्हणत नाही, आम्ही साहेब किंवा मॅडम म्हणतो. बार कौन्सिलने २००६ मध्येच खालच्या कोर्टांसाठी 'सर' किंवा त्या त्या भाषेतला तसा शब्द चालेल असं ठरवून टाकलंय. वकिलांचा झगा उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात सक्तीचा, इतरत्र ऐच्छिक. फिर्यादीने लाखभर रुपये देऊन नेमलेला वकील सेशन्सला खटला चालवत नाही, तो सरकारी वकिलांना मदत करतो. आणि ज्यूरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, आपल्याकडे नाही. नौदल अधिकारी नानावटींच्या खून खटल्यात १९५९ मध्ये ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं होतं, ते मत सेशन्स न्यायाधीशांनी स्वीकारलं नाही आणि पुढे उच्च न्यायालयात शिक्षा झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीची तरतूदच उरली नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मालिकेच्या शेवटी आरोपीने रडत रडत दिलेली कबुली. आरोपी साधारणपणे साक्षीच्या पिंजऱ्यात येतच नाही. पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याला शपथेशिवाय एकेक प्रश्न विचारतात आणि बहुतेक उत्तरं "खोटे आहे" आणि "मला माहीत नाही" अशीच असतात. पोलिसांपुढे दिलेली कबुली तर पुरावाच नव्हे. पण मालिका बघून लोकांना वाटतं की आरोपी मोडून पडला नाही म्हणजे आमच्याच वकिलाने नीट काम केलं नाही. अशिलांना हे समजावण्यात माझा खूप वेळ जातो.

---

गल्लीतला_दुकानदार:

मी पंच म्हणून साक्ष दिली आहे. चोरीचा माल जप्त करताना पोलिसांनी दुकानातून बोलावून नेलं होतं, पंचनाम्यावर सह्या केल्या. तीन वर्षांनी बोलावणं आलं.

मालिकेत साक्षीदार मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत असतो आणि नाव घेतल्यावर उठतो. मला तर आतच बसू दिलं नाही. दुसऱ्याची साक्ष ऐकून आपली जुळवू नये म्हणून साक्षीदाराला बाहेर थांबवतात. व्हरांड्यात लाकडी बाकावर बसलो. पहिल्या तारखेला आरोपीला तुरुंगातून आणलंच नव्हतं, परत गेलो. दुसऱ्या तारखेला आरोपीचे वकील वरच्या कोर्टात अडकले, परत गेलो. तिसऱ्या वेळी दुपारी साडेतीनला शिपायाने दारात येऊन माझं नाव पुकारलं, तेव्हा पाणी प्यायला खाली गेलो होतो. जिना धावत चढलो.

त्यामुळे काकूंबरोबर कुणीतरी जा. डबा न्या, पाण्याची बाटली न्या, समन्स आणि आधार कार्ड न्या, फोन बंद ठेवा. सरकारी साक्षीदाराला येण्याजाण्याचा भत्ता मिळतो, तो मागून घ्या. साक्ष स्वतः वीस मिनिटांत झाली. मुद्देमालाचं लाखेचं सील माझ्यासमोर फोडलं आणि विचारलं, हीच वस्तू का? कागदी लेबलावरची सही ओळखता आली, हे बघून मला स्वतःलाच बरं वाटलं.

---

शीघ्रलिपी:

मी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखिका होते. सोलापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांत नोकरी झाली, आता निवृत्त आहे. या विषयावर मला मनापासून बोलायचंय, कारण मालिकेतल्या कोर्टात मी कधी नसतेच. न्यायाधीश असतात, दोन वकील असतात, पिंजरा असतो. टाइप करणारी बाई नसते. आणि खऱ्या कोर्टात साक्षीचं जे काही होतं ते तिच्या कागदावर होतं.

ताई, तुमच्या आईंना मी आत गेल्यावरचं सांगते. खोली बहुधा लहान असेल. वर न्यायाधीशांची जागा, त्याच्या खाली शिरस्तेदार किंवा कारकून आणि टाइप करणारी व्यक्ती. टेबलावर फायलींचे गठ्ठे. वकील टेबलापाशी उभे राहून विचारतात, कुणी येरझाऱ्या घालत नाही. पंख्याचा आवाज इतका असतो की "जरा मोठ्याने बोला" हेच वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकू येईल. ते रागावून म्हटलेलं नसतं.

शपथेला पुस्तक नसतं. शपथेचा कायदा १९६९ चा आहे, त्यातल्या नमुन्यात कुठल्याही ग्रंथाचा उल्लेख नाही. ईश्वरसाक्ष खरं सांगेन एवढंच म्हणायचं. देवाचं नाव घ्यायचं नसेल तर प्रतिज्ञेवर सांगता येतं. खरं सांगायची शपथ आहे, सगळं आठवायची नाही. हे त्यांना दोनदा सांगा.

आता खरा फरक. मालिकेत प्रश्न आणि उत्तर हवेत जातं आणि लगेच निकाल. आमच्याकडे साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकून वाक्य सांगतात, मी ते वाक्य टाइप करते. तुमच्या आई म्हणतील, "मी आपली मेथी बघत होते, तेवढ्यात गलका झाला." कागदावर येईल, "मी भाजी घेत असताना मला आरडाओरड ऐकू आली." प्रश्न सहसा लिहिलाच जात नाही, प्रश्न आणि उत्तर मिळून साक्षीदाराच्या तोंडी एक वाक्य होतं. वकील विचारतील, "तुम्ही तिथं नव्हताच, पोलिसांनी सांगितलं म्हणून बोलताय ना?" आई म्हणतील, "छे, काहीतरीच काय!" कागदावर येईल, "असे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी हजर नव्हते." हे 'असे म्हणणे खरे नाही की' मी किती हजार वेळा टाइप केलं असेल! असे आरोप वकिलाला करावेच लागतात, तो त्यांच्या बचावाचा भाग आहे. ऐकणाऱ्या बाईला मात्र वाटतं, याने मला चारचौघांत खोटारडी म्हटलं. मी बायकांना पिंजऱ्यात रडताना पाहिलंय. त्यांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

अजून एक वाक्य येईल. चार वर्षांपूर्वीच्या पोलीस जबाबात एखादी गोष्ट नसेल आणि आज आईंनी ती सांगितली, तर वकील बरोबर तिथे बोट ठेवतात. मग कागदावर येतं, "मी पोलिसांना तसे सांगितले होते. जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही." यात घाबरण्यासारखं काही नाही. पोलीस जबाब पोलिसांनी लिहिलेला असतो, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. सांगितलं असेल तर सांगितलं म्हणावं, नसेल तर नाही म्हणावं.

साक्षीच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन सरकारी वकिलांना भेटा, त्यांच्याकडे जबाब असतो. आणि उलटतपासात कुणी विचारलं की आज जबाब वाचायला मिळाला का, तर मिळाला असेल तर सरळ हो म्हणायचं. ते लपवायला गेलेले साक्षीदार अडकतात.

---

पटकथा_पुणे:

मी मालिकांचे संवाद लिहिते. शीघ्रलिपी काकू, तुमचं वाचून अंगावर काटा आला, पण आमची बाजूही ऐका. एका भागात जेमतेम बावीस मिनिटं हाताशी असतात. साक्षीदार बोलला, मग न्यायाधीश तेच पुन्हा बोलले, मग टायपिंग, हे मी दाखवलं तर प्रेक्षक रिमोट उचलतो. हातोडा चुकीचा आहे हे मी एकदा लिहून कळवलं होतं. वरून उत्तर आलं, हातोड्याशिवाय कोर्ट वाटत नाही.

आणि मालिकांनी काहीच दिलं नाही असंही नाही. सूर्यास्तानंतर बाईला अटक करण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, वकील करायची ऐपत नसेल तर मोफत विधी साहाय्य मिळतं, हे माझ्या मावशीला मालिकेतूनच कळलं. ज्यांना संथ आणि खरं हवंय त्यांच्यासाठी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' आहे, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. रोज रात्री आठ वाजता तसं कसं दाखवणार?

---

काळा_कोट:

'कोर्ट'मधली सरकारी वकील कलमं ज्या सपाट आवाजात वाचत जाते, तो आवाज मी रोज ऐकतो. तो सिनेमा बघताना मला आमचाच हॉल समोर दिसत होता.

मोफत विधी साहाय्याचा मुद्दा मान्य. माझ्याकडेही एक बाई मालिकेत ऐकून आल्या होत्या, त्यांना मी विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं.

---

शीघ्रलिपी:

पटकथा, तुमची अडचण कळते. पण कोर्टातला सगळ्यात नाट्यमय क्षण मालिकेने कधीच दाखवला नाही आणि तो दाखवायला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. सांगते.

साक्ष संपली की टाइप झालेला कागद साक्षीदाराला वाचून दाखवायचा असतो. हा कायदा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २७८ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३१३ आहे. चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती होते, नाहीतर साक्षीदाराची हरकत लिहून ठेवतात.

टाइपरायटरचे दिवस होते. कोर्टाचं गाव सांगत नाही. मारहाणीचा खटला, आरोपी चार, त्यातला सगळ्यात लहान एकोणीस वर्षांचा. साक्षीला एक मेंढपाळ आले होते, सत्तरीच्या पुढचे. खांद्यावरचं घोंगडं बाहेर ठेवायला सांगितलं म्हणून ते शिपायाच्या स्टुलावर घडी घालून ठेवलं होतं. त्यांच्या आधीच्या दोन साक्षीदारांनी चारही आरोपींनी मारलं असं सांगितलं होतं. ते वाक्य माझ्या बोटांत बसलं होतं. हे बोलत गेले, साहेब सांगत गेले, मी वहीत उतरवून टाइप करत गेले. संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. कारकुनाने कागद हातात घेतला आणि भराभर वाचायला सुरुवात केली. सगळे निघायच्या घाईत. वकिलांनी फायली बांधायला घेतल्या होत्या.

"आरोपी क्रमांक ४ याने कोयता मारला," असं वाचलं गेलं आणि म्हातारबाबांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला.

"थांबा. उगारला म्हणलो मी. मारला न्हाई म्हणलो."

साहेबांनी मला विचारलं. मी शीघ्रलिपीची वही उघडली. माझ्याच हातची खूण होती, 'उगारला'. टाइप करताना मी 'मारला' केलं होतं. कार्बन घातलेले चार कागद होते, चारही प्रतींवर शाईने खोडून वर 'उगारला' लिहिलं आणि साहेबांनी समासात आद्याक्षरं केली. बाबा अंगठा उठवणारे होते. एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण आपण काय बोललो ते त्यांना अक्षरशः पाठ होतं. त्या घाईत दुसरा कुणीही गप्प बसला असता.

निकालपत्रही मीच टाइप केलं. त्या मुलाबद्दलच्या परिच्छेदात 'उगारला' हा शब्द अवतरण चिन्हांत होता. तो टाइप करताना माझे हात थरथरत होते, इतक्या वर्षांनीही आठवतं. त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक साक्षीदाराला कागद सावकाश वाचून दाखवायला सांगत आले, कितीही उशीर झाला तरी.

हा प्रसंग घ्या तुमच्या मालिकेत. हातोडा लागणार नाही.

आणि पाऊलवाट ताई, आईंना आधीच एखाद्या दिवशी घेऊन जा. तारखेची वाट बघू नका. कोर्ट खुलं असतं, काही विशेष प्रकरणं सोडली तर कुणीही मागे बसून ऐकू शकतं. फक्त त्यांच्या स्वतःच्या खटल्याच्या हॉलमध्ये बसू नका, दुसरीकडे बसा. अकराला बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, सुरू होतो, तेव्हापासून तासभर बसलात तरी पुरे.

---

पाऊलवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो.

दिवाणी कोर्टाच्या एका हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. पहिली पंधरा मिनिटं नुसता पुकारा आणि पुढची तारीख, पुकारा आणि पुढची तारीख. आई कंटाळली. मग बांधावरून चाललेल्या दाव्यात एका शेतकऱ्याची उलटतपासणी सुरू झाली. वकील इतक्या हळू बोलत होते की आई पुढे झुकून कानाला हात लावून ऐकत होती. 'असे म्हणणे खरे नाही की' आलं तेव्हा तिने माझा दंड दाबला. जिना उतरताना म्हणाली, "ती टाइप करणारी पोरगी बघितलीस? सगळं तिच्याच हातात आहे की." रात्री मालिका लावली नाही. झोपली लवकर.

रंगाचं तिने ठरवलंय, आठवत नाही असंच सांगणार. तिचे दोन प्रश्न आहेत, मला उत्तर देता आलं नाही. डोक्यावर पदर घ्यावा लागतो का? आणि साक्ष मराठीतच चालेल ना, कारण समन्सवर काही शिक्के इंग्रजीत आहेत.

---

शीघ्रलिपी:

पदराची काही सक्ती नाही. रोज जशा नेसतात तशा नेसून यावं, फार वेळ उभं राहावं लागलं तर पायाला सोसेल अशी चप्पल घालावी. पाय दुखले तर खुर्ची मागावी, देतात.

साक्ष मराठीतच. १९९८ पासून आपल्याकडे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. त्यांच्या बोलीत बोलल्या तरी चालेल. शब्द बदलला गेलाय असं वाटलं तर तिथेच थांबवायचं, साहेब ऐकतात.

आणि वाचायचा चष्मा पर्समध्ये आठवणीने ठेवा. अंगणवाडीत होत्या म्हणजे वाचता येतं त्यांना. सही करायच्या आधी कागद हातात मागून घ्यावा आणि स्वतः वाचावा.